डेस्कटॉप येता येता संगणक अडकतो तेव्हा

पासवर्ड बरोबर असतो. ‘वेलकम’ ही अक्षरे येतात, मागचे चित्र दिसते, कधी दोन-चार आयकॉनही उमटतात आणि तिथेच सारे थांबते. चकरी फिरत राहते किंवा तीही थबकते. अशा वेळी आजूबाजूचा पहिला सल्ला ठरलेला असतो : ‘फॉरमॅट मारून टाका.’

हा सल्ला सर्वांत शेवटी ऐकायचा आहे. दोष सॉफ्टवेअरचा असेल तर फॉरमॅटने तो जातो, पण त्याबरोबर फोटो, हिशेब, मुलांचे प्रकल्प आणि वर्षानुवर्षांच्या फाइलीही जाऊ शकतात. दोष हार्ड डिस्कचा किंवा रॅमचा असेल तर एवढे सगळे गमावूनही थोड्याच दिवसांत तोच त्रास पुन्हा उभा राहतो. संगणक नेमका कुठे अडकतो हे आधी शोधता येते. त्यासाठी फार मोठे ज्ञान लागत नाही. क्रम पाळावा लागतो. पुढचे सगळे विंडोज १० आणि ११ धरून लिहिले आहे, कारण आपल्याकडच्या घरांत, दुकानांत आणि शाळांत बहुतेक ठिकाणी तीच प्रणाली असते.

पासवर्डच्या आधी आणि नंतर

बटण दाबल्यावर आधी मदरबोर्डवरचा यूईएफआय किंवा जुन्या यंत्रात बायोस जागा होतो. तो प्रोसेसर, रॅम, डिस्क आणि कीबोर्ड यांची प्राथमिक तपासणी करतो आणि सूत्रे विंडोजच्या बूट मॅनेजरकडे देतो. बूट मॅनेजर विंडोजचा गाभा, म्हणजे कर्नेल, रॅममध्ये आणतो. कर्नेल आवश्यक ड्रायव्हर चढवतो, पडद्यामागच्या सेवा सुरू होतात आणि लॉगिनचा पडदा येतो.

लॉगिनपर्यंत संगणक पोहोचला, तर एवढा सगळा प्रवास पार पडलेला असतो. वीजपुरवठा, मदरबोर्ड आणि कर्नेल किमान काम करण्याइतके तरी ठीक आहेत. त्यामुळे संशयाचे क्षेत्र पुष्कळ लहान होते.

पासवर्ड मान्य झाल्यावर विंडोज आपले प्रोफाइल उघडते. आपला वॉलपेपर, आयकॉनांची जागा, प्रत्येक प्रोग्रॅमच्या सवयी हे सारे प्रोफाइलमध्ये नोंदलेले असते. मग ‘एक्सप्लोरर’ नावाचा प्रोग्रॅम सुरू होतो. टास्कबार, स्टार्ट मेनू आणि डेस्कटॉपवरचे आयकॉन हाच प्रोग्रॅम काढतो. डेस्कटॉप हाही एक प्रोग्रॅमच आहे, हे ध्यानात ठेवले तर पुढच्या पुष्कळ गोष्टी सोप्या होतात.

एक्सप्लोरर उभा राहत असतानाच इतर प्रोग्रॅमांची झुंबड उडते. अँटिव्हायरस, क्लाउडवर फाइली चढवणारे प्रोग्रॅम, प्रिंटरचे साहाय्यक, मेसेंजर, व्हिडिओ कॉलची सॉफ्टवेअर आणि नाना प्रकारचे अपडेटर एकाच वेळी डिस्ककडे आणि रॅमकडे धावतात. फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क विखुरलेल्या जागांवरचे वाचन सेकंदाला साधारण शंभराच्या आसपासच करू शकते. एसएसडी ते हजारोंनी करते. संगणक नेमका याच टप्प्यावर का अडतो, याचे हे मोठे कारण आहे. चालू झाल्यापासूनचा सर्वांत मोठा भार त्याच्यावर याच मिनिटभरात पडतो.

थांबला की रेंगाळतो आहे?

पहिली परीक्षा संयमाची. मोठे अपडेट नुकतेच झाले असेल किंवा यंत्र बऱ्याच दिवसांनी चालू केले असेल, तर पंधरा-वीस मिनिटे त्याला हात लावू नये. यंत्रावर डिस्कचा दिवा असेल तर तो पाहावा. दिवा लुकलुकत असेल तर काम चालू आहे, फक्त मंद आहे.

मग कीबोर्डवरचे कॅप्स लॉक दाबावे. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर आतली प्रणाली जिवंत आहे आणि वरचा एखादा प्रोग्रॅम अडकला आहे. दिवा ढिम्म असेल, माउसही हलत नसेल, तर अडचण खोलवरची आहे : एखादा ड्रायव्हर किंवा प्रत्यक्ष यंत्राचा भाग.

प्रणाली जिवंत असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबावीत, म्हणजे टास्क मॅनेजर उघडतो. तो आला नाही तर कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट दाबून यादीतून तो निवडावा. पडदा काळा आहे आणि केवळ माउसचा बाण दिसतो, अशा वेळी टास्क मॅनेजरमधून ‘रन न्यू टास्क’ निवडून एक्सप्लोररचे इंग्रजी नाव टाइप करावे. डेस्कटॉप अवतरला, तर सुटा एक्सप्लोरर तेवढा सुरू होत नव्हता हे कळते. काही व्हायरस एक्सप्लोरर सुरू करण्याची रजिस्ट्रीतली नोंदच बदलतात. म्हणून असे झाल्यास अँटिव्हायरसची पूर्ण तपासणी करून घ्यावी.

टास्क मॅनेजर उघडलाच आहे तर ‘परफॉर्मन्स’ हे पानही पाहावे. रॅम काठोकाठ भरलेली दिसली, तर विंडोज रॅममधला मजकूर डिस्कवर ठेवत आणि परत आणत बसले आहे. विंडोज ११ची किमान अट ४ जीबी रॅमची आहे, पण तेवढ्यावर लॉगिननंतरची झुंबड पेलत नाही. डिस्क शंभर टक्के व्यग्र आणि प्रत्यक्ष वाचन-लेखन मात्र जवळजवळ शून्य, असे दिसले तर डिस्क आजारी असल्याची ती ठळक खूण आहे.

पडद्यावरचे चित्रच गोठले असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणे एकत्र दाबावीत. ग्राफिक्सचा ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो, पडदा क्षणभर काळा होतो. चित्र परतले तर संशय त्या ड्रायव्हरवर धरावा.

आधी सोपे उपाय

यंत्र बंद करून प्रिंटर, पेन ड्राइव्ह, बाहेरची हार्ड डिस्क, यूएसबी हब, वेबकॅम असे सगळे काढून ठेवावे. कीबोर्ड, माउस आणि मॉनिटर एवढेच राहू द्यावे. इंटरनेटची केबल काढावी, वायफायचा राउटर थोडा वेळ बंद ठेवावा. कार्यालयांत हा उपाय विशेष उपयोगी पडतो. दुसऱ्या संगणकावरचे फोल्डर आपल्या यंत्रात ड्राइव्ह म्हणून जोडलेले असते, तो दुसरा संगणक बंद असतो आणि एक्सप्लोरर त्याच्या उत्तराची वाट पाहत राहतो. केबल काढताच डेस्कटॉप आला, तर ते जोडलेले ड्राइव्ह आणि नेटवर्कवरचे प्रिंटर तपासावेत.

एकदा ‘रीस्टार्ट’ही करून पाहावे. ‘शटडाउन’ने यंत्र पूर्ण बंद होते असे आपण धरून चालतो. विंडोज ८पासून ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय आली. तीत बंद करताना कर्नेलची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच उचलली जाते. ड्रायव्हर बिघडलेल्या अवस्थेत असेल, तर ती अवस्थाही जपली जाते. रीस्टार्टमध्ये मात्र सारे नव्याने सुरू होते. रोज सकाळी अडकणारे यंत्र रीस्टार्टनंतर नीट चालत असेल, तर कंट्रोल पॅनेलच्या पॉवर विभागातून फास्ट स्टार्टअप बंद करून आठवडाभर पाहावे.

सेफ मोड : वाट दुभागणारा प्रश्न

एवढ्याने भागले नाही तर सेफ मोडकडे वळायचे. विंडोज ९५पासून असलेली ही सोय आजही निदानाचे सर्वांत धारदार साधन आहे. सेफ मोडमध्ये विंडोज अगदी मोजके ड्रायव्हर आणि सेवा घेऊन उभे राहते. ग्राफिक्स कार्डाचा खास ड्रायव्हर नसतो, पडद्यासाठी साधा ड्रायव्हर वापरला जातो आणि लॉगिननंतर आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम बाहेर ठेवले जातात.

तिथे जाण्यासाठी लॉगिनच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यातल्या पॉवरच्या चिन्हातून शिफ्ट दाबून ठेवून ‘रीस्टार्ट’ निवडावे. निळ्या पडद्यावर ‘ट्रबलशूट’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’ आणि ‘रीस्टार्ट’ असे क्रमाने जावे. यादी आली की ४ दाबावा. लॉगिनचा पडदाही हाताळता येत नसेल तर विंडोज सुरू होत असताना पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून यंत्र बंद करावे. लागोपाठ दोनदा असे केले की पुढच्या वेळी विंडोज दुरुस्तीचा पडदा आपणहून उघडते. एरवी असे बंद करणे डिस्कला बरे नाही. हा मार्ग नाइलाजाचाच.

दोन गोष्टी हाताशी असू द्याव्यात. एक म्हणजे खात्याचा पासवर्ड, कारण सेफ मोडमध्ये पिन कधी कधी चालत नाही. दुसरी म्हणजे बिटलॉकर या विंडोजच्या डिस्क-कुलपाची किल्ली. अनेक नव्या लॅपटॉपांत डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते आणि मालकाला त्याची कल्पनाही नसते. दुरुस्तीच्या पडद्यावर अचानक ४८ अंकी किल्ली मागितली जाते. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेले असेल तर ती बहुधा त्या खात्याच्या संकेतस्थळावर साठवलेली असते. दुसऱ्या यंत्रावरून किंवा फोनवरून ती पाहता येते. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटने जगभरची विंडोज यंत्रे बंद पडली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ती सुमारे ८५ लाख होती. उपाय साधा होता : सेफ मोडमध्ये किंवा दुरुस्तीच्या पडद्यावरून शिरायचे आणि ती एक सदोष फाइल काढून टाकायची. पण कुलूपबंद यंत्रांत शिरण्यासाठी हीच किल्ली लागली आणि ती शोधण्यात तंत्रज्ञांचा वेळ गेला. आपले यंत्र आज ठीक असेल, तर आजच ती किल्ली कागदावर लिहून ठेवावी.

सेफ मोडमध्ये डेस्कटॉप आला तर

ही चांगली बातमी आहे. विंडोजचा गाभा ठीक आहे, डिस्कही बहुधा ठीक आहे. वरून बसवलेले काहीतरी अडथळा आणते आहे. सर्वांत आधी महत्त्वाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर कॉपी कराव्यात आणि मग शोध सुरू करावा.

त्रास सुरू होण्याच्या आदल्या दोन-तीन दिवसांत काय बदलले ते आठवावे. नवा प्रोग्रॅम बसवला असेल तर तो काढावा. एकाच यंत्रात दोन अँटिव्हायरस असतील तर दोघेही प्रत्येक फाइल तपासण्यासाठी अडवतात, एक काढावा. सेफ मोडमध्ये काही प्रोग्रॅम निघत नाहीत. अशांना पुढच्या पायरीत बंद करून नेहमीच्या विंडोजमधून काढता येते. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नुकताच बदलला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले कार्डाच्या ‘प्रॉपर्टीज’मधून ‘रोल बॅक ड्रायव्हर’ निवडावे. विंडोजच्या अपडेटनंतर सुरुवात झाली असेल तर दुरुस्तीच्या पडद्यावर ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ हा पर्याय असतो.

काहीच आठवत नसेल तर क्लीन बूट करावा. घरातला एमसीबी वारंवार पडू लागला की वायरमन सगळी बटणे बंद करतो आणि एकेक चालू करत दोषी जागा पकडतो. तीच ही रीत. विंडोज आणि आर बटणांनी रनची खिडकी उघडून तीत एमएसकॉन्फिग हे नाव इंग्रजीत टाइप करावे. ‘सर्व्हिसेस’ या पानावर आधी ‘हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस’ला खूण करावी आणि त्यानंतरच ‘डिसेबल ऑल’ दाबावे. हा क्रम चुकवू नये, कारण मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सेवा बंद झाल्या तर लॉगिनच अवघड होऊन बसते. मग टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपच्या पानावरचे सगळे प्रोग्रॅम बंद करून नेहमीसारखे रीस्टार्ट करावे.

डेस्कटॉप सुरळीत आला तर दोषी त्या बंद केलेल्यांत आहे. आता निम्मे चालू करून पुन्हा रीस्टार्ट करावे. अडकला तर दोषी या निम्म्यांत, नाही तर उरलेल्यांत. संशयित गटाचे पुन्हा दोन भाग करावेत. ३२ नावे असतील तर १६, ८, ४, २ करत पाच फेऱ्यांत एका नावाशी पोहोचता येते. एकेक तपासत बसलो तर तीसहून अधिक वेळा रीस्टार्ट करावे लागू शकते. प्रत्येक फेरीला काय चालू आणि काय बंद होते ते कागदावर लिहावे आणि त्या फेरीत दुसरा कोणताही बदल करू नये. दोन बदल एकदम केले तर गुण कशाने आला ते कळत नाही.

दुसऱ्या वापरकर्त्याची चाचणी

क्लीन बूटनेही फरक पडला नाही तर प्रोफाइल तपासावे. सेटिंग्जमधून नवे खाते तयार करून त्याने लॉगिन करावे. तिथे डेस्कटॉप झटक्यात आला आणि जुन्या खात्यात मात्र अडकतो, तर जुने प्रोफाइल बिघडले आहे. वीज अचानक गेल्यामुळे नोंदी अर्धवट लिहिल्या गेल्या की असे होऊ शकते. जिथे वीज वारंवार जाते तिथे डेस्कटॉपला यूपीएस हवाच, तो यासाठी.

अशा वेळी नव्या खात्यातच संसार थाटावा. जुन्या खात्याच्या डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स आणि डेस्कटॉप या फोल्डरांतल्या फाइली नव्या खात्यात कॉपी कराव्यात. लॉगिननंतर डेस्कटॉप अनोळखी, कोरा दिसला आणि तात्पुरत्या प्रोफाइलची सूचना आली तर त्यात काहीही जतन करू नये. लॉग आउट करताच ते सारे पुसले जाते.

सेफ मोडमध्येही अडकला तर

आता संशय विंडोजच्या फाइलींवर किंवा प्रत्यक्ष यंत्रावर येतो, आणि त्यातही आधी डिस्कवर. डिस्कचा एखादा भाग खराब झाला की ती तोच भाग पुन्हा पुन्हा वाचण्याचा प्रयत्न करते. तोवर विंडोज ताटकळत राहते आणि आपल्याला यंत्र हँग झालेले दिसते. हार्ड डिस्कमधून ठरावीक लयीत टकटक आवाज येत असेल तर यंत्र ताबडतोब बंद करावे आणि डेटा महत्त्वाचा असेल तर ते पुन्हा चालू न करता डेटा रिकव्हरी करणाऱ्यांकडे न्यावे.

आवाज नसेल तर डिस्क काढून यूएसबीच्या डबीत घालून दुसऱ्या यंत्राला जोडता येते किंवा पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून फाइली बाहेर काढता येतात. बिटलॉकर असेल तर तिथेही किल्ली लागते. फाइली हाती आल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत प्रोग्रॅमने डिस्कची प्रकृती पाहावी. डिस्क स्वतःच्या नोंदी ठेवते. बदललेले आणि वाचण्यासाठी खोळंबलेले सेक्टर यांचे आकडे शून्याहून वर असतील आणि दिवसागणिक वाढत असतील तर डिस्क बदलण्याला पर्याय नाही.

इथे एक सावधगिरी बाळगावी. विंडोजच्या चेक डिस्क या साधनाची सखोल तपासणी साऱ्या डिस्कवरून फिरते आणि आजारी डिस्कला ते श्रम झेपत नाहीत. म्हणून आधी डेटा बाहेर, मगच चेक डिस्क. डेस्कटॉप संगणकात दोष कधी कधी डिस्कच्या ढिल्या किंवा जुन्या साटा केबलचाही असतो. डिस्क बदलण्यापूर्वी केबल बदलून पाहावी, ती स्वस्त असते.

पुढचा संशयित रॅम. विंडोजमध्येच ‘मेमरी डायग्नोस्टिक’ आहे. मेमटेस्ट८६ अधिक कसून तपासतो. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहावे. कोकणासारख्या दमट हवेत रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर मळ चढतो. वीज पूर्ण तोडून रॅम काढावी, त्या पट्ट्या मऊ खोडरबराने हलक्या हाताने पुसाव्यात, भुगा झटकावा आणि ती नीट बसवावी. पंख्यात आणि प्रोसेसरच्या जाळीत धूळ कोंबली असेल तर तीही काढावी, कारण तापलेले यंत्र भार आला की मान टाकते.

डिस्क आणि रॅम दोन्ही निर्दोष निघाल्या तर विंडोजच्या फाइली दुरुस्त कराव्यात. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने कमांड प्रॉम्प्ट उघडून आधी डिझम या साधनाने विंडोजचा साठा दुरुस्त करावा, मग सिस्टिम फाइल चेकर चालवावा. दुसरे साधन पहिल्याने दुरुस्त केलेल्या साठ्यातूनच चांगल्या फाइली घेते, म्हणून हा क्रम. त्यानेही काम झाले नाही तर सिस्टिम रिस्टोरने त्रासापूर्वीच्या तारखेला परतावे. आपल्या फाइलींना धक्का लागत नाही. त्या तारखेनंतर बसवलेले प्रोग्रॅम आणि ड्रायव्हर मात्र जातात.

फॉरमॅटची वेळ कधी येते

एवढे सारे करून झाल्यावरच ‘रिसेट धिस पीसी’ निवडावे आणि त्यातही आधी ‘कीप माय फाइल्स’. फाइली राहतात, बाहेरून बसवलेले प्रोग्रॅम जातात. हिशेबाच्या आणि डीटीपीच्या सॉफ्टवेअरचा डेटा, तसेच जुने मराठी फॉन्ट, नेहमीच्या फोल्डरांबाहेर असू शकतात; ते आधी शोधून कॉपी करावेत. नव्याने विंडोज घालायचेच ठरले, तर १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित पाठिंबा संपला आहे हे लक्षात घ्यावे आणि यंत्र ११च्या अटींत बसते का ते पाहावे. यंत्रात फिरती हार्ड डिस्क असेल तर त्याच खेपेला एसएसडी बसवून घ्यावी. जुन्या यंत्राला याहून मोठा फरक पाडणारा दुसरा खर्च नाही.

मधल्या कोणत्याही पायरीवर यंत्र दुरुस्तीला न्यावेसे वाटले तर जरूर न्यावे, पण नुसते ‘हँग होतो’ असे सांगू नये. कॅप्स लॉकचा दिवा लागत होता की नाही, सेफ मोडमध्ये डेस्कटॉप आला की नाही, दुसऱ्या खात्यात काय झाले आणि त्रास कोणत्या बदलानंतर सुरू झाला, एवढे चार मुद्दे लिहून द्यावेत. चांगल्या तंत्रज्ञाचा निम्मा वेळ त्यातून वाचतो. ‘मला विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नका’ ही पाचवी ओळ त्याच कागदावर ठळक अक्षरांत लिहावी.